विहिरीत कोनी हाये का?

१

चिखलीच्या बाजारओळीत अविनाशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. गिऱ्हाइकाला ‘तुमचा फोन मेला’ असं सांगणं त्याच्या जिवावर यायचं. पाण्यात पडलेला, ट्रॅक्टरखाली आलेला, म्हशीनं चघळलेला, कसलाही फोन आणा, हा गडी तो उघडून बसणार आणि आतून जेवायला हाकांवर हाका आल्या तरी जागचा हलणार नाही. माणसांना ताप आला तर तुम्ही गोळी देऊन मोकळे होता आणि फोनच्या मात्र उशाशी बसता, असं त्याची बायको अर्पिता म्हणायची. तो हसून सोडून द्यायचा. पुढचं सगळं या हौसेपायी झालं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. हौसेइतकीच त्यात थोरल्या भावावरची माया होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

थोरला ज्ञानेश्वर उंद्रीला शेती पाहतो. घर गावात आणि विहीर लांब शिवारात, मधे एक नाला. त्यांचे वडील उकंडराव हयात असताना त्यांनी विहिरीवरच्या मोटरीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवून घेतला होता. घरात सगळे त्याला डबा म्हणायचे. उकंडरावांच्या फोनमध्ये या डब्याचं ॲप होतं आणि त्यात एकाखाली एक तीन शब्द: चालू, ऐका, बंद. ‘चालू’ निवडलं की तिकडे मोटर सुरू व्हायची आणि डब्यातली बाई शुद्ध मराठीत सांगायची, ‘मोटर चालू झाली आहे.’ ‘ऐका’ निवडलं की विहिरीवरचा आवाज घरी ऐकू यायचा आणि घरून बोललेलं विहिरीवर जायचं. डब्याला कानही होता आणि तोंडही होतं.

उकंडरावांनी सरळ ‘चालू’ कधीच दाबलं नाही. सकाळी लाइन, म्हणजे शेतीची वीज, आली की ओट्यावर चहाची बशी घेऊन बसायचे, आधी ‘ऐका’ दाबायचे आणि फोन तोंडाशी धरून मोठ्यानं विचारायचे, “विहिरीत कोनी हाये का?” गाळ काढायला, पोहायला, पारव्यांची पिल्लं धरायला कोणीही विहिरीत उतरलेलं असतं, ओट्यावर बसलेल्या माणसाला ते दिसत नाही, आणि मोटरीचा करंट पाण्यात उतरला तर आतला माणूस जागीच जातो. थोडं थांबायचं, कोणी ‘हाये’ म्हणालं नाही तरच मोटर चालू करायची. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी यायला लागलं, तरी हा शिरस्ता त्यांनी मोडला नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. म्हातारपणचं साधं दुखणं होतं, कोणाला धक्का बसावा असं काही नव्हतं. त्यांचा फोन ज्ञानेश्वर वापरायला लागला आणि एके दिवशी तो गुरांच्या हौदात पडला. इथून घोळ सुरू झाला. डबा फक्त त्या फोनचं ऐकायचा. दुसऱ्या फोनची नोंद करायची तर तेच ॲप लागायचं, ते ॲप फक्त त्या जुन्या फोनच्या प्रणालीवर चालायचं, ती प्रणाली बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलेली, आणि डबा बनवणारी कंपनी तर बंदच पडलेली. सोप्या भाषेत सांगायचं तर कुलूप होतं, किल्लीही होती, पण किल्ली धरणारा हात राहिला नव्हता.

मग ज्ञानेश्वर रोज उजाडायच्या आत बॅटरी घेऊन विहिरीवर जायला लागला, कारण त्या हंगामात लाइन पहाटे यायची. एके दिवशी डब्याखाली घोणस वेटोळं घालून बसलेली होती, त्याचा पाय तिच्यापासून हातभर अंतरावर पडला. त्यानं हे फोनवर हसत हसत सांगितलं. अविनाशला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवा डबा घेऊ म्हटलं, तर ज्ञानेश्वर म्हणाला की बाबांनी बसवलेला आहे, राहू दे. तेव्हा अविनाशनं तो भिजलेला फोन मागवून घेतला.

२

फोनच्या आतल्या पाटीवर हिरवा गंज चढला होता. तो पुन्हा सुरू होणार नाही हे अविनाशला पहिल्या नजरेत कळलं, पण आतली मेमरी शाबूत होती. ती त्यानं जशीच्या तशी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. आता एक इम्युलेटर हवा होता, म्हणजे जुना फोन जिवंत असल्याचं सोंग लॅपटॉपच्या पोटात करणारा प्रोग्राम. त्या प्रणालीवर कोणी काम करत नसल्यामुळे तो सहज मिळेना. इंटरनेटवरच्या अर्ध्या वाटा बंद झालेल्या, उरलेल्या अर्ध्यांवर जाहिराती. मिळाला तेव्हा नव्या विंडोजवर चालेना. चालला तर काळा पडदा दाखवून बसे, कधी एक फाइल नाही म्हणे, कधी दुसरी. अविनाश सुट्टीचे दिवसही त्यात घालवायला लागला.

एका दुपारी त्यानं शेवटची फाइल जागेवर ठेवली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एका फोनचं चित्र उमटलं. खाली बटणं, वर आगपेटीएवढा पडदा. कंपनीची ती जुनी धून वाजली. मग त्या छोट्या पडद्यावर त्याची मुलगी अपेक्षा दिसली, दात नसलेली, आजोबांच्या मांडीवर. हा फोटो उकंडरावांनी त्यांच्या फोनवर लावून ठेवला होता. अर्पिता चहा घेऊन आली होती. ती क्षणभर पाहत राहिली आणि कप ठेवून आत गेली.

वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या आणि बॅटरीही काठोकाठ. अर्पितानं नंतर विचारलं, तेव्हा त्यानं तिला मोठ्या गमतीनं समजावलं की आत बॅटरी नाही, टॉवर नाही, काहीच नाही. प्रोग्राम ती चित्रं काढून ठेवतो, नाहीतर आतल्या प्रणालीला आपण फोनमध्ये नाही हे कळेल आणि ती बिथरेल.

“म्हंजे तिले वाटते का आपून अजून बाबांच्याच हातात हाओत म्हणून?” अर्पिता म्हणाली.

तो म्हणाला, हो, तसंच समज.

बाबांचं सिमकार्ड त्यानं एका डोंगलमध्ये घातलं, डोंगल लॅपटॉपला लावला आणि इम्युलेटरशी जोडून दिला. ज्ञानेश्वरला विहिरीवर उभं राहायला सांगितलं आणि माउसनं ‘चालू’ दाबलं. फोनमधून आधी मोटरीचा गुरगुराट आला आणि मग भावाचं हसणं. “चालू झाली बे,” ज्ञानेश्वर म्हणाला, “अवी, तू तं कमालच केली लेका.” असं कौतुक अविनाशनं लहानपणी सायकल शिकल्यावर ऐकलं होतं. रोज सकाळी आपण चिखलीतून मोटर लावायची आणि दोन-चार दिवसांत डब्यात भावाचा नंबर घालून द्यायचा, असं त्यानं ठरवलं. सिम हरवू नये म्हणून डोंगल काढून टेबलाच्या खणात ठेवला. लॅपटॉप तसाच सुरू राहिला.

३

दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. जीभ चावून त्यानं भावाला फोन लावला आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागायला लागला. ज्ञानेश्वरला काही उमजेना. मोटर तर लाइन आल्याबरोबर सुरू झाली, गव्हाचे निम्मे वाफे भिजूनही झाले, तूच लावली ना, असं तो म्हणाला.

अविनाश हो म्हणाला आणि फोन ठेवला. डोंगल खणात होता. मग त्याला आठवलं की अशा डब्यांना लाइन आली की आपोआप सुरू व्हायची सोय असते. काल बटण दाबताना ती सुरू झाली असणार. त्याचं समाधान झालं. तरी पुढच्या पहाटे तो गजर लावून उठला, चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसला आणि खात्रीसाठी घरातलं वायफायही बंद करून टाकलं.

बराच वेळ काही झालं नाही. अपेक्षाचा फोटो आणि त्यावर घड्याळ. मग छोटा पडदा उजळला आणि डब्याचं ॲप उघडलं. माउस टेबलावर होता आणि अविनाशचे दोन्ही हात कपाभोवती होते. निळी पट्टी ‘चालू’वर होती. ती ‘ऐका’वर उतरली, तिथे न थांबता ‘बंद’वर गेली, थबकली आणि पुन्हा एक घर वर येऊन ‘ऐका’वर थांबली.

उकंडराव असंच करायचे. त्यांचा अंगठा नेहमी एक घर पुढे जायचा, आणि मग ते स्वतःवर चिडून परत यायचे.

लॅपटॉपमधून विहीर ऐकू यायला लागली. थेंब पडत होते, कपारीत पारवे घुमत होते. मग आवाज आला.

“विहिरीत कोनी हाये का?”

तो इकडून तिकडे गेलेला आवाज नव्हता. विहिरीवर डब्यातून निघून, दगडी कड्यावर आपटून, तिकडून ऐकू येत होता. त्याच्या मागे बशी ठेवल्याचा बारीक आवाजही होता.  अविनाशला उठावंसं वाटलं आणि उठता येईना. तेवढ्यात विहिरीवरून दुसरा आवाज आला, अगदी जवळचा, सहज.

“नाही बाबा, कोनी नाही. करा चालू.”

हा ज्ञानेश्वर होता. निळी पट्टी वर सरकली आणि डब्यातली बाई बोलली.

४

बाबांचा आवाज तूच भरलास असं मला वाटलं, असं ज्ञानेश्वर फोनवर म्हणाला. पहिल्या दिवशी तो गव्हातून येत होता, डबा बोलला आणि सवयीनं त्याच्या तोंडून उत्तर गेलं. बाबा असताना तो विहिरीवर असला की रोज असंच व्हायचं. अविनाशनं त्याला सांगितलं की मी कोणाचा आवाज भरलेला नाही, माझ्याकडे बाबांचा आवाजच नाही. 

“मंग तं अजूनच चांगलं झालं,” ज्ञानेश्वर म्हणाला.

आणि तो रोज विहिरीवर जायला लागला. घरून मोटर सुरू व्हावी, त्याला अंधारात जावं लागू नये, यासाठी अविनाशनं एवढा खटाटोप केला होता आणि आता तो गरज नसताना उजाडायच्या आत नाला ओलांडत होता. अविनाश लॅपटॉपसमोर बसून त्याचं बोलणं ऐकायचा. हरभऱ्याला घाटे लागले, बायकोचे, पुष्पांजलीचे, गुडघे दुखतात, अपेक्षा आता शाळेत जाते, असं सगळं तो डब्याला सांगायचा. तिकडून त्यावर कधी हूं की चूं आलं नाही. तिकडून फक्त एकच प्रश्न यायचा, आणि त्याचं एकच उत्तर ऐकून निळी पट्टी वर जायची.

अविनाश कारागीर माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या गिऱ्हाइकांची त्यानं आजवर यथेच्छ टर उडवली होती. हे ध्वनिमुद्रण असणार, बाबांनी कधीतरी नकळत करून ठेवलेलं, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण मुद्रण रोज सारखं असतं. इथे एक दिवस प्रश्नाआधी घसा खाकरला जायचा, एक दिवस बशी जरा जोरात ठेवली जायची. त्यानं लॅपटॉपच्या माइकमध्ये तोंड घालून “बाबा, मी अवी बोलतो” असंही म्हणून पाहिलं. पट्टी क्षणभरही थांबली नाही. आपण तिथे नाहीच असं त्याला वाटलं, आणि भीतीपेक्षा त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

मग त्याचं लक्ष बॅटरीकडे गेलं. काठोकाठ भरलेली ती खोटी बॅटरी संध्याकाळी एक काडी कमी दिसत होती. सकाळी पुन्हा भरलेली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा कमी. प्रोग्रामचं सगळं पोट त्यानं उलगडून पाहिलं. त्यात ते चित्र बदलण्याची सोयच नव्हती. दिवसभर वापरून कोणीतरी तो फोन झोपताना चार्जिंगला लावावा, तसं ते चाललं होतं. त्यानं अर्पिताला बोलावून दाखवलं.

“बंद करा ते,” ती दारातूनच म्हणाली. “मले नाही पाह्याचं. अन् दादाले सांगा, तिथं जाऊ नका म्हणून.”

५

त्यानं इम्युलेटर बंद केला. मग पुसून टाकला. बाबांच्या फोनची उतरवून घेतलेली मेमरी पुसली, सिमकार्डाचे कात्रीनं तुकडे केले, गंजलेल्या फोनमधली चिप पक्कडीनं चिरडली. कधी नव्हे ते त्यानं स्वतःच्या हातानं एक फोन मारला होता. सकाळी तो बंद लॅपटॉपसमोर बसून राहिला. काळ्या पडद्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं, बाकी काही नाही. त्याला हलकं वाटलं. अर्पितानं पोहे केले.

पोहे खाताना ज्ञानेश्वरचा फोन आला. आज बाबांचा आवाज लई खणखणीत आला म्हणाला.

अविनाश तसाच गाडी काढून उंद्रीला गेला. ज्ञानेश्वर विहिरीवरच होता, पाटाचं दार फिरवत होता. अविनाशनं खिशातून पेचकस काढला आणि सरळ डब्याकडे निघाला. ज्ञानेश्वर फावडं टाकून मधे येऊन उभा राहिला. दोघं भाऊ आयुष्यात कधी भांडले नव्हते, त्यामुळे भांडायचं कसं हेही त्यांना नीट येत नव्हतं.

“दादा, सरक. हे काढाच लागते.”

“काऊन?”

“ते बाबा हायेत हे तुले कोनं सांगतलं?”

“मंग कोन हाये?” ज्ञानेश्वरनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. 

“तू चिखलीले राह्यतं, अवी,” ज्ञानेश्वर म्हणाला. “सणावाराले याचं, बाबांच्या पाया पडाचं, अन् चालले. मी रोज होतो. शेवटाले त्याह्यले माह्याबिगर कोनाचं बोलनं समजत नोतं. तुह्यं बी नाही. तू बोलला की माह्या तोंडाकडे पाह्यचे, काय म्हनते म्हणून.” त्यानं डब्याकडे बोट केलं. “अन् भेव कायचं? इचारल्याबिगर तं मोटर लावत नाहीत ना ते.”

अविनाशला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून तो गाडीकडे वळला. पेचकस विहिरीवरच राहिला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. रोज सकाळी अविनाश उंद्रीला फोन लावायचा, वहिनीनं उचलला की दादा बरा आहे का एवढं विचारायचा आणि ठेवून द्यायचा. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं. लॅपटॉपवर आता काहीच ऐकू येत नव्हतं आणि तिकडे काय चाललं आहे हे ऐकू न येणं ऐकण्यापेक्षा अवघड होतं. दुकानात आलेले फोन उघडे पडून राहायला लागले. गिऱ्हाईक विचारायचं आणि तो उद्या या म्हणायचा.

६

एका सकाळी वहिनीचाच फोन आला. पुष्पांजली दबक्या आवाजात बोलत होती. मोटर दोन दिवसांपासून पाणी कमी फेकत होती, खालची जाळी गाळानं भरली असणार, म्हणून हे मघाशी विहिरीत उतरलेत.

“तुमाले सांगू नको म्हने, भाऊजी. पन माह्यानं राहवलं नाही. फ्यूज काढून ठेवले म्हने त्याह्यनं, काही काळजीचं नाही.”

अविनाशनं विचारलं, आज मोटर लावून झाली का? ती म्हणाली, नाही ना, आज पहाटे लाइनच आली नाही, आता येईल म्हणतात.

म्हणजे आजचा प्रश्न अजून विचारला गेला नव्हता.

त्यानं भावाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन विहिरीच्या काठावर सदऱ्याच्या खिशात असणार. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुकानाचं शटर अर्धंच ओढून तो गाडीवर बसला. अर्पिता मागून काही म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही.

वाटेत त्यानं स्वतःची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. फ्यूज काढले की डबा आणि मोटर यांचा संबंध तुटला, मग कोणी काही दाबू दे. हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि समजा तरीही काही झालं, तरी बाबा विचारतातच. विहिरीत असलेला माणूस ‘हाये’ म्हणेल, दुसरं काय म्हणेल? प्रश्न असतो कशासाठी मग? दोन्ही बाजूंनी बंदोबस्त होता. एखाद्या गिऱ्हाइकानं त्याला हे सांगितलं असतं, तर घाबरायचं काही कारण नाही म्हणून त्यानं त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. गाडीचा कान मात्र त्यानं पिळून धरला होता आणि समोरून येणारी एसटी त्याला फार जवळ आल्यावर दिसली.

७

विहिरीवर चांगलं ऊन पडलं होतं. काठावर ज्ञानेश्वरचा सदरा घडी घालून ठेवलेला होता आणि त्यावर चप्पल. डब्यावर तीन फ्यूज ओळीनं मांडलेले होते. अविनाशनं पहिल्यांदा ते उचलले आणि मुठीत घट्ट धरले. मग त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं.

खाली ज्ञानेश्वर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. एका हातानं त्यानं मोटरीचा पाइप कवटाळला होता आणि दुसऱ्यानं जाळीतला गाळ ओरबाडून काढत होता. सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं आणि धाकट्याला पाहून त्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांचा अबोला त्याच्या मनातही नव्हता.

“आला का बे?” तो म्हणाला. “घरी जेवून जाजो.”

“दादा, तू आधी वर ये.”

“येतो ना. हे एवढंच राह्यलं.”

अविनाश विनवणीला आला. वर ये, मी उतरतो आणि साफ करतो, पण तू आत्ताच्या आत्ता वर ये, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ज्ञानेश्वर हसत मान हलवत होता आणि जाळी पुसत होता. धाकट्याला काळजी वाटते आहे हे त्याला आवडलेलं दिसत होतं.

डब्यावरचा लाल दिवा लागला. फ्यूज काढलेले असताना तो लागायला नको होता. अविनाशनं मूठ उघडून पाहिली. तिन्ही फ्यूज तिच्यात होते. त्याच्या तळहाताला त्यांचे वळ उठले होते.

डब्यातून बशी ठेवल्याचा आवाज आला. मग घसा खाकरला गेला.

“विहिरीत कोनी हाये का?”

अविनाश डब्याला जवळजवळ मिठी मारून ओरडला की हाये, बाबा, दादा आत हाये, मोटर लावू नका. त्यानं हे किती वेळा म्हटलं ते त्याचं त्याला कळलं नाही. डबा गप्प होता. पण बंद पडला नव्हता, आत श्वासासारखी बारीक खरखर चालू होती. तिकडे कोणीतरी कान देऊन थांबलं होतं, आणि ते अविनाशसाठी थांबलेलं नव्हतं.

तो काठावर पालथा पडला आणि त्यानं खाली डोकं घातलं. “दादा, तू बोल,” तो म्हणाला. “हाये म्हन. नुसतं हाये म्हन.”

ज्ञानेश्वर त्याच्याकडे पाहत नव्हता. त्यानं मान वर केली होती ती डब्याच्या दिशेनं. रोज सकाळी इथे उभा राहून तो बोलायचा तेव्हा त्याचा चेहरा कसा होत असेल, हे अविनाशनं आजवर फक्त आवाजावरून ताडलं होतं, आज पाहिलं. त्यावर कसलीही काळजी नव्हती. पाइपवरचा हात त्यानं तसाच ठेवला, दुसरा ओला हात पाण्याबाहेर काढून वर केला आणि घरच्या माणसाला चालू द्या म्हणून सांगावं तसा हलवला.

“नाही बाबा,” तो म्हणाला, “कोनी नाही. करा चालू.”

सवयीनं म्हणाला की कळून म्हणाला, हे विचारायला अविनाशला वेळच मिळाला नाही. डब्यातली बाई तिच्या शुद्ध मराठीत बोलली, आणि शेताच्या कडेला पाटात पाणी पडायला लागलं.